घड की बाळी ? द्राक्षाच्या डोळ्यात पेशींचे काम कसे ठरते

ऑक्टोबरची छाटणी उरकली, डोळे फुगले, पोंगे बाहेर पडू लागले, की द्राक्ष बागायतदाराची नजर एकाच गोष्टीचा शोध घेऊ लागते. ती म्हणजे कोवळ्या फुटीबरोबर येणारा घड. काही बागांत जवळजवळ प्रत्येक काडीवर घड दिसतात. काही बागांत मात्र फूट जोमदार, पाने टवटवीत, आणि घडाच्या जागी नुसत्या बाळ्या, असा प्रकार आढळतो. अशा वेळी दोष बहुधा ऑक्टोबरातील कामाला दिला जातो. छाटणीचा दिवस चुकला, पाणी कमी पडले, औषध हलके निघाले, अशी कारणे पुढे येतात. त्यांपैकी एखादे खरेही असू शकेल. तथापि घड यावयाचा की नाही, याचा मुख्य निकाल त्यापूर्वी चार ते पाच महिने, म्हणजे मे-जूनच्या सुमारास, काडीवरील डोळ्याच्या आत लागून गेलेला असतो.

हा निकाल लागतो तो डोळ्यातील मूठभरही नव्हे, तर सुईच्या टोकाहून लहान अशा पेशीसमूहात. त्या पेशींना घडही होता येते आणि बाळीही होता येते. त्यांना घडाकडे वळविणारी परिस्थिती कोणती आणि बाळीकडे ढकलणारी कोणती, हे ज्यास उमगले त्यास एप्रिल छाटणीनंतरच्या प्रत्येक कामाचा हेतू कळू लागतो. वर्षाचा खर्च, मजुरी आणि कर्जाचा हप्ता ज्या पिकावर अवलंबून आहे, त्याची पायाभरणी डोळ्यांना न दिसणाऱ्या या घडामोडीत होते. म्हणून ती समजून घेणे अगत्याचे आहे.

एका पेशीपासून अनेक प्रकारच्या पेशी

सर्व सजीवांचे शरीर पेशींनी बनलेले आहे. इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यास मधाच्या पोळ्यासारखी लहान लहान घरे दिसली. पुढे १८३८ साली श्लायडेन याने वनस्पतींच्या बाबतीत आणि १८३९ साली श्वान याने प्राण्यांच्या बाबतीत असे प्रतिपादन केले की, शरीराची घडण पेशींपासूनच होते.

बी घेतले तरी त्यातील रोपाचा आरंभ फलन झालेल्या एका पेशीपासून होतो. त्या पेशीच्या दोन, दोहोंच्या चार, अशा रीतीने असंख्य पेशी तयार होतात. परंतु त्या सर्व सारख्या राहत नाहीत. द्राक्षाच्या वेलीकडे पाहिले तर हे सहज ध्यानात येते. पानातील हिरव्या पेशी सूर्यप्रकाशात साखर तयार करतात. पानाच्या खालच्या बाजूस असलेल्या सूक्ष्म छिद्रांच्या दोन्ही अंगांस दोन दोन पेशी पहारेकऱ्याप्रमाणे असतात. त्या फुगल्या की छिद्र उघडते, सैल पडल्या की मिटते. मुळांच्या टोकाजवळील काही पेशी केसासारख्या लांब होऊन मातीतील पाणी शोषून घेतात. लाकडातील काही पेशी तर आपले भिंतीचे कवच घट्ट करून स्वतः मरून जातात. त्यांच्या पोकळ नळ्यांतूनच पाणी वर चढते. खोडावरील सालीच्या पेशी बुचासारख्या होऊन आतील भागाचे रक्षण करतात.

आरंभी सारख्या असलेल्या पेशींनी अशी निरनिराळी कामे पत्करावीत आणि त्या कामाला योग्य असे रूप धारण करावे, या क्रियेला शास्त्रात पेशींचे विभेदन असे म्हणतात.

दप्तर एकच, उघडलेले पान निराळे

येथे एक शंका उपस्थित होते. पानाच्या पेशीला फक्त पानाची आणि मुळाच्या पेशीला फक्त मुळाची माहिती वाटून दिलेली असते काय ? तसे नाही. द्राक्षाच्या पेशीच्या केंद्रकात ३८ गुणसूत्रे असतात, आणि ती पानाच्या पेशीत असोत वा मुळाच्या पेशीत असोत, सारखीच असतात. त्यांवर आनुवंशिक गुणांची जनुके असतात. २००७ साली फ्रान्स व इटली येथील शास्त्रज्ञांनी द्राक्षाच्या या संपूर्ण माहितीचे वाचन प्रसिद्ध केले, तेव्हा जनुकांची संख्या सुमारे ३० हजार असल्याचे दिसून आले.

गावाचे सगळे दप्तर प्रत्येक घरी ठेवले आहे अशी कल्पना करावी. सुताराने सुतारकामाचे पान उघडावे, कुंभाराने मडक्यांचे, आणि बाकीची पाने बांधून ठेवावीत. पेशींमध्ये असेच घडते. माहिती सर्वांजवळ सगळी असते. मात्र जे काम करावयाचे त्यापुरती जनुके चालू राहतात, आणि बाकीची मिटलेली असतात.

मिटलेली पाने फाटून गेलेली नसतात, याचा पुरावा बागायतदाराच्या हातात नेहमीच असतो. डॉगरिजसारख्या खुंटाची काडी ओल्या मातीत लावली म्हणजे तिला मुळे फुटतात. त्या काडीत पूर्वी मूळ नव्हते. काडीतील काही पेशींनी आपले आधीचे काम सोडून मुळाचे पान उघडले, म्हणूनच ती मुळे आली. १९५८ साली अमेरिकेत स्टुअर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाजराच्या मुळातील पेशी पोषक द्रवात वाढवून त्यांपासून संपूर्ण रोपे तयार केली, तेव्हा ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध झाली.

मग कोणते पान उघडावे, हे पेशीस कोण सांगते ? पहिली गोष्ट म्हणजे पेशीची जागा. शेंड्यावरील पेशीच्या वाट्याला एक काम येते, तर सालीलगतच्या पेशीच्या वाट्याला दुसरे. दुसरी गोष्ट म्हणजे शेजारच्या पेशींकडून व दूरच्या अवयवांकडून रसाबरोबर येणारी, अत्यल्प प्रमाणात काम करणारी द्रव्ये. यांना संजीवके म्हणतात. अमेरिकेत स्कूग व मिलर यांनी १९५७ साली तंबाखूच्या पेशींवर केलेले प्रयोग या बाबतीत बोधप्रद आहेत. ऑक्सिन व सायटोकायनिन या दोन संजीवकांपैकी पहिल्याचे प्रमाण अधिक ठेवले असता त्या पेशींपासून मुळे निघाली. दुसऱ्याचे अधिक ठेवले असता कोंब निघाले. आणि दोन्ही जवळजवळ समतोल ठेवली असता नुसता पेशींचा गोळा वाढत राहिला. पेशी त्याच, परंतु द्रव्यांचे प्रमाण बदलताच त्यांचे काम बदलले.

डोळ्याच्या आत काय घडते

एप्रिलमध्ये खरड छाटणी केल्यानंतर नवी फूट येते. फुटीच्या प्रत्येक पेऱ्यावर, पानाच्या बगलेत, एक डोळा तयार होऊ लागतो. बाहेरून तो एक दिसला तरी आत एक मुख्य व दोन दुय्यम असे तीन कोंब असतात. मुख्य कोंबात पुढील हंगामाची फूट अगदी सूक्ष्म रूपात आकार घेत असते. तिच्या टोकाजवळ, पानांच्या अंकुरांच्या समोरील बाजूस, पेशींचा एक लहानसा उंचवटा उत्पन्न होतो. उंचवट्याचे दोन भाग पडतात. या क्षणी तो घडही नसतो आणि बाळीही नसते.

पुढे त्यातील पेशी वारंवार विभागून शाखा-उपशाखा निर्माण करीत राहिल्या, तर घड तयार होतो. त्याच पेशी विभागण्याऐवजी लांबत गेल्या आणि एक-दोन शाखांवरच थांबल्या, तर बाळी तयार होते. या वळणालाच बागायतदार सूक्ष्म घडनिर्मिती म्हणून ओळखतात.

घड आणि बाळी हे एकाच मुळारंभाचे दोन परिणाम आहेत, हे सूक्ष्मदर्शकावाचूनही पाहता येते. काडीवर बाळी नेहमी पानाच्या समोर येते. घडही पानाच्या समोरच येतो. पानाच्या बगलेत दोहोंपैकी एकही येत नाही. शिवाय बागेत नीट शोध घेतल्यास एखादी अशी बाळी सापडते की, जिच्या एका फाट्यावर दोन-चार मणी धरलेले आहेत आणि दुसरा फाटा तारेला विळखा घालून बसला आहे. अर्ध्या वाटेवर निर्णय बदललेल्या पेशींचेच ते उदाहरण होय.

या निर्णयात दोन संजीवके परस्परविरुद्ध ओढ घेतात. सायटोकायनिन पेशींचे विभाजन वाढविते व उंचवट्यास घडाकडे नेते. जिबरेलिन पेशी लांबविते व त्यास बाळीकडे नेते. १९७८ साली श्रीनिवासन व मलिन्स या शास्त्रज्ञांनी वेलीपासून अलग केलेल्या कोवळ्या बाळ्या पोषक माध्यमात वाढवून त्यांना सायटोकायनिन दिले, तेव्हा त्या बाळ्यांवर फुलोरा तयार झाला.

जिबरेलिनचा इतिहासही शेतकऱ्यांस रुचेल असा आहे. जपानी शेतकऱ्यांना भाताच्या एका रोगात रोपे उंच व लेचीपेची होऊन पडत असल्याचा अनुभव होता. १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञाने हे एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे घडते, असे दाखविले. तेच द्रव्य पुढे जिबरेलिन म्हणून प्रसिद्धीस आले, आणि वनस्पती स्वतःही ते तयार करतात असे कळून आले.

२००२ साली ऑस्ट्रेलियातील बॉस व थॉमस यांनी प्रसिद्ध केलेले संशोधन तर अधिकच स्पष्ट आहे. पिनो म्यूनिए नावाच्या द्राक्षाच्या जातीत बाहेरील थरातील पेशी आतील पेशींहून थोड्या निराळ्या असतात. त्या बाहेरील थरापासून तयार केलेली झाडे जिबरेलिनला दाद देत नाहीत असे आढळले. ही झाडे ठेंगणी राहिली, आणि जेथे बाळ्या यावयाच्या तेथे त्यांना घड आले. ठेंगण्या, भरघोस उत्पन्न देणाऱ्या गव्हाच्या जातींत जो बदल झालेला असतो, त्याच प्रकारचा हा बदल होता.

मे-जूनमधील तीन आठवडे

थंड देशांत हिवाळ्यात वेल पानगळ करून विश्रांती घेते व वर्षातून एकच छाटणी पुरते. महाराष्ट्रात तशी थंडी नसल्याने वेल सतत वाढत राहते. म्हणून नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या भागांत एप्रिलमध्ये काडी तयार करण्यासाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी दुसरी छाटणी, अशी पद्धत रूढ झाली. पहिल्या छाटणीनंतर साधारणतः ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान घडनिर्मितीचा मुख्य काळ येतो.

या काळात डोळ्यास भरपूर प्रकाश व ऊब लागते. ढगाळ हवेत व दाट सावलीत घडनिर्मिती मंदावते. आता दिवसांचा हिशेब करून पाहावा. ५ एप्रिल रोजी छाटलेल्या बागेत हा काळ १५ मे ते ४ जून असा येतो. आकाश बहुधा निरभ्र असते. १ मे रोजी छाटलेल्या बागेत तोच काळ १० जून ते ३० जून असा येतो. तेव्हा पावसाळी ढग जमू लागतात, जमीन ओली होते आणि फूट बेफाम वाढते. साडेतीन-चार आठवड्यांची दिरंगाई एप्रिलमध्ये क्षुल्लक वाटते. तिची किंमत ऑक्टोबरात वांझ काड्यांच्या रूपाने द्यावी लागते. फळ उशिरा निघाल्याने छाटणी लांबणे कधी कधी अटळ असते. अशा बागेत पुढील कामे अधिकच काटेकोरपणे करावी लागतात.

पेशींना घडाकडे वळविणारी कामे

पहिले काम विरळणीचे. छाटणीनंतर एका ओलांड्यावर अनेक फुटी येतात. त्या सर्व राखल्यास एकमेकींवर सावली धरतात. दुबळ्या व दाटीच्या फुटी वेळीच काढून उरलेल्या काड्यांवर ऊन पडेल अशी व्यवस्था करावी. सावलीत वाढलेली काडी जाड दिसली तरी पुष्कळदा वांझ निघते.

दुसरे काम शेंडा खुडण्याचे. फूट सात-आठ पानांची झाली की शेंडा खुडून बगलफुटीपासून सबकेन करण्याची पद्धत बागायतदारांच्या परिचयाची आहे. तिच्यामागील कारण असे की, वाढता शेंडा अन्नरस आपल्याकडे ओढून घेतो व त्या लांबणीच्या वाढीत जिबरेलिनचा जोर असतो. शेंडा खुडला म्हणजे काही दिवस ही लांबण थांबते, अन्नरस डोळ्यांकडे वळतो, आणि सबकेनच्या गाठीजवळील डोळ्यांत घड धरण्याची शक्यता वाढते.

तिसरे काम पाण्याचे व खताचे. घडनिर्मितीच्या काळात पाणी व नत्र सढळ दिल्यास फूट लांबत राहते. म्हणून या दिवसांत पाणी बेताने द्यावे व नत्र आवरते घ्यावे. पाणी एकदम तोडणे मात्र इष्ट नव्हे. पाने कोमेजली तर साखर तयार होणेच थांबते. माती-परीक्षणाप्रमाणे स्फुरद याच काळात द्यावे, आणि पुढे काडी पिकविण्यासाठी पालाशाची मात्रा द्यावी.

चौथे काम मुळांचे. सायटोकायनिन मुख्यतः मुळांच्या टोकांत तयार होऊन रसाबरोबर वर चढते. पाणथळ, क्षारयुक्त किंवा घट्ट जमिनीत पांढरी मुळे कुजली, तर डोळ्याला ही रसद पोचत नाही. वर कितीही फवारे मारले तरी खालची ही उणीव पूर्णपणे भरून निघत नाही.

फवाऱ्यांविषयी एक इशारा देणे आवश्यक आहे. जिबरेलिनची निर्मिती रोखून वाढ आवरण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराइड हे द्रव्य वापरले जाते. बागायतदार त्यास सी. सी. सी. म्हणून ओळखतात. त्याचे अंश वेलीत दीर्घकाळ टिकतात. २०१० साली याच द्रव्याचे अवशेष आढळल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांचा माल अडकला आणि निर्यातदारांचे व बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. म्हणून अशा द्रव्यांचा वापर शिफारशीच्या वेळी, शिफारशीच्या मात्रेतच करावा. १९९७ साली पुण्याजवळ मांजरी येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू शिफारशी पाहूनच निर्णय घ्यावा. मोकळी काडी, आवरलेले पाणी आणि वेळेवर खुडलेला शेंडा यांचे अवशेष फळात राहत नाहीत.

ऑक्टोबरातील दुसरी कसोटी

मे-जूनमध्ये घडाकडे वळलेल्या पेशींचे काम तेथेच पुरे होत नाही. त्या वेळी घडाच्या केवळ शाखा तयार होतात. प्रत्यक्ष फुलांची घडण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, डोळा फुटू लागला म्हणजे होते. या वेळी काडीत साठविलेले अन्न अपुरे असेल, अथवा पोंगा अवस्थेत सतत पाऊस व ढगाळ हवा राहून वाढीचा जोर अनावर झाला, तर तयार असलेला घडही जिरतो, त्याचा गोळी घड होतो किंवा तो बाळीवर जातो. म्हणून पावसाळ्यात पाने रोगापासून जपणे व काडी पूर्ण पिकविणे हेही घड राखण्याचेच काम आहे. ऑक्टोबरात दिसणारा घड ही मागील पानांची शिल्लक आहे.

छाटणीपूर्वी डोळे तपासून घेणे फार उपयुक्त ठरते. बागेच्या निरनिराळ्या भागांतून काही काड्या घेऊन त्यांचे डोळे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता कितव्या डोळ्यात घड आहे, हे कळते. त्यावरून छाटणी कोठे घ्यावी ते ठरविता येते. जेथे पहिले डोळे वांझ असतील तेथे आखूड छाटणी केल्यास घड असलेला डोळाच कापून टाकला जातो.

तेच द्रव्य, निराळा परिणाम

काही बागायतदारांना एक विसंगती खटकते. जिबरेलिन घडाचा वैरी असेल, तर पुढे तेच घडांवर का फवारावयाचे ? याचे उत्तरही पेशींच्या विभेदनातच आहे. मे महिन्यात डोळ्यातील उंचवट्याच्या पेशींचे काम ठरलेले नसते. तेव्हा लांबण्याचा संदेश मिळाला तर त्या बाळी होतात. फुलोऱ्यापूर्वी घडाच्या दांड्याच्या पेशी आपले काम पत्करून बसलेल्या असतात. तोच संदेश मिळाला तर दांडा लांबतो व घड मोकळा होतो. मणी धरल्यानंतर तोच संदेश मण्याच्या गरातील पेशींना मिळाला तर त्या फुगतात व मणी मोठा होतो. संजीवक एकच, परंतु ऐकणारी पेशी कोणत्या अवस्थेत आहे, यावर परिणाम अवलंबून असतो. यास्तव शेजाऱ्याने अमुक दिवशी अमुक मात्रा वापरली, एवढ्यावरून त्याचे अनुकरण करणे धोक्याचे आहे. त्याच्या बागेची अवस्था व स्वतःच्या बागेची अवस्था एक असेलच असे नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय सभेत सांगण्यापेक्षा बागेत दाखवावा. मणी धरलेली एखादी बाळी शोधून ती सर्वांच्या हाती द्यावी. घड व बाळी यांचे नाते त्यामुळे क्षणात पटते. उन्हातील व सावलीतील काडी निरनिराळ्या खुणा बांधून राखावी आणि ऑक्टोबरात दोहोंवरील घड मोजून दाखवावेत. प्रत्येक बागायतदारास एका वहीत खरड छाटणीची तारीख, त्यापासून चाळिसावा व साठावा दिवस, त्या काळातील ढगाळ व पावसाचे दिवस, शेंडा खुडल्याची तारीख, दिलेले पाणी व खत, आणि शेवटी दर वेलीवरील घडांची संख्या अशी नोंद ठेवावयास सांगावे. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदींतून त्या जमिनीला व त्या वाणाला अनुरूप असे वेळापत्रक आपोआप हाती येते.

पेशींना हुकूम देणे माणसाच्या हाती नाही. त्यांच्याभोवतीचा प्रकाश, पाणी, अन्नरस व वेळ मात्र बागायतदाराच्या हाती आहेत. उन्हाळ्यातील त्या तीन आठवड्यांत बागेकडे पाठ न फिरविता या चार गोष्टी सांभाळल्या, तर डोळ्यातील पेशी घडाची वाट धरण्याची शक्यता पुष्कळच वाढते.